पदवीचे गुण घसरल्यानंतर डॉक्टरकीचा विचार

सांगलीच्या गणपती पेठेत किंवा साताऱ्याच्या मोती चौकात पिढीजात दुकान असलेल्या घरांना हा प्रसंग परका नाही. बारावीनंतर वैद्यकीय प्रवेश हुकतो. वर्ष फुकट जाऊ नये म्हणून मुलाचे अथवा मुलीचे नाव विज्ञान शाखेच्या पदवीला घातले जाते. मन तेथे रमत नाही आणि तीन वर्षांनी हाती येते ती जेमतेम गुणांची पत्रिका. डॉक्टर होण्याची इच्छा तेवढी शिल्लक राहिलेली असते. वडील म्हणतात, आता पेढीवर बैस. आई गप्प राहते. पदवीला एवढे कमी गुण पडल्यावर वैद्यकीय महाविद्यालय कोण उभे करणार, असा सर्वांचाच समज झालेला असतो.

हा समज मुळातच चुकीचा आहे. 2020 पासून देशभर एम.बी.बी.एस.चा प्रवेश नीट या एकाच परीक्षेच्या गुणवत्तेवर होतो. पात्रतेसाठी बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या तिन्हींत मिळून खुल्या वर्गास 50 टक्के आणि मागास प्रवर्गांस 40 टक्के गुण लागतात. त्यापुढे बारावीच्या गुणांना गुणवत्ता यादीत स्थान नाही; पदवीच्या गुणांचा तर प्रश्नच येत नाही. कमाल वयाची अट 2022 मध्ये काढण्यात आली. परीक्षेस कितीदा बसावे यावरही बंधन नाही. म्हणजे एकवीस-बावीस वर्षांचा पदवीधर आणि अठरा वर्षांचा विद्यार्थी एकाच रांगेत, एकाच अटीवर उभे असतात.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातलगांचा सल्ला येथे बहुधा गोंधळ वाढवतो. तेथे वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते आणि पदवीची सरासरी प्रत्यक्ष मोजली जाते. त्यामुळे गुण कमी असलेले विद्यार्थी पदवीनंतर आणखी एक-दोन वर्षे विज्ञानाचे विषय घेऊन नवे, चांगले गुण जोडतात, रुग्णालयात सेवा करतात, शिफारसपत्रे मिळवतात, मुलाखतीची तयारी करतात. चुलतभावाने न्यूजर्सीहून पाठविलेली ही यादी येथल्या मुलाच्या उपयोगाची नाही. एखाद्या डॉक्टरांच्या दवाखान्यात महिनाभर बसणे मन पारखण्यासाठी उत्तमच. पण त्याने येथल्या यादीतील क्रमांक एकानेही वर सरकत नाही. भारतातील पद्धत एका अर्थाने अधिक दयाळू आहे, कारण ती मागचे विसरते. एका अर्थाने ती अधिक कठोरही आहे, कारण सर्व काही तीन तासांच्या एका दुपारवर सोपवते.

काही अडचणी मात्र आधी दूर कराव्या लागतात. बारावीत तीन विषयांचे मिळून 50 टक्के भरत नसतील, तर राज्य मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेतून पुन्हा बसण्याचा मार्ग आहे. तिच्या संधी मोजक्या आणि लगतच्या परीक्षांपुरत्या असतात, म्हणून चौकशी लवकर हवी. अभियांत्रिकीच्या ओढीने बारावीला जीवशास्त्र सोडलेल्यांना पूर्वी हे दार बंद होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये, बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण होणाऱ्यांनाही पात्र ठरविले. तिसरी अडचण आपल्या समाजात विशेष आढळते. निपाणी-बेळगावकडील आजोळी राहून शिकलेल्या मुलांनी ध्यानात घ्यावे, की महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असणे सर्वसाधारणपणे आवश्यक असते. वादग्रस्त सीमाभागासाठी वेगळी तरतूद आहे, पण जागा अगदी थोड्या आणि कागदपत्रे पुष्कळ.

आता प्रत्यक्ष तयारीकडे. पदवी घेतलेल्या मुलाचा मोठा शत्रू म्हणजे 'हे मला येते' ही भावना. वनस्पतिशास्त्रात अथवा प्राणिशास्त्रात पदवी झालेली असली, तरी नीटमधील प्रश्न राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या, म्हणजेच एनसीईआरटीच्या, अकरावी-बारावीच्या पुस्तकांतील ओळी-ओळींवर फिरतात. पदवीचे मोठे ग्रंथ तेथे कामास येत नाहीत. ती पातळ पुस्तकेच पुन्हा पुन्हा वाचावी लागतात. राज्य मंडळातून आलेल्यांना तर कित्येकदा ती प्रथमच उघडावी लागतात. 180 प्रश्नांपैकी 90 जीवशास्त्राचे, 45 रसायनाचे आणि 45 भौतिकशास्त्राचे असतात. जीवशास्त्राच्या पदवीधराचा भौतिकशास्त्राशी संबंध तीन वर्षे तुटलेला असतो, आणि त्याची जागा बहुधा तेथेच जाते. त्यामुळे आवडत्या विषयाने सकाळ सुरू करण्याचा मोह सोडून पहिले तीन महिने सकाळचा ताजा वेळ भौतिकशास्त्राला दिलेला बरा.

व्यापाऱ्याच्या घरातील मुलाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही: दिवसाअखेर रोजकीर्द लिहिणे. सराव परीक्षेनंतरची वही अशीच ठेवावी. बरोबर उत्तरास 4 गुण मिळतात, चुकीच्या उत्तराचा 1 वजा होतो. 120 उत्तरे बरोबर आणि उरलेले 60 प्रश्न कोरे ठेवणाऱ्यास 480 गुण पडतात. तेवढीच बरोबर उत्तरे देऊन ते 60 चुकविणाऱ्यास 420. हे साठ गुण कोणत्या खात्यात गेले, ते वहीत दिसले पाहिजे. माहिती नव्हती म्हणून चुकले, माहिती असून घाईत चुकले, प्रश्न नीट वाचला नाही म्हणून चुकले, की आकडेमोडीत चुकले? पहिल्या खात्यावर अभ्यास हा इलाज आहे. उरलेल्या तिन्हींवर कितीही नवी पुस्तके आणली तरी उपयोग होत नाही. प्रतिक्रमणाची सवय असलेल्या घरात दोष नाव घेऊन सांगण्याची लाज वाटू नये. प्रत्यक्षात मुले एकूण गुण तेवढे घरी सांगतात आणि वही लपवितात. एकूण गुणच काय ते विचारण्याची सवय पालकांनी सोडली, तर तीही लपवायची थांबतील.

गुणांची तुलना करतानाही जपावे. 2024 मध्ये खुल्या वर्गाची पात्रता 162 गुणांवर होती आणि 720 पैकी 720 मिळविणारेही होते. 2025 मध्ये प्रश्नपत्रिका, विशेषतः भौतिकशास्त्राची, कठीण निघाली. पात्रता 144 वर आली आणि देशात पहिल्या आलेल्याला 686 गुण मिळाले. शेजारच्या मुलाला गेल्या साली इतके गुण असूनही जागा मिळाली नाही, ही माहिती म्हणूनच निरुपयोगी ठरते. हळदीचा गेल्या हंगामाचा भाव सांगून या हंगामाचा सौदा कोणी करीत नाही. पाहायचा तो क्रमांक.

पुन्हा तयारीसाठी मुलाला लातूरला किंवा कोटाला पाठवावे काय, हा घरोघरचा वाद. पदवीधर मुलाला वर्गापेक्षा शांत खोली आणि ठरलेली सराव परीक्षा यांची गरज अधिक असते. ती सांगली-साताऱ्यातही भागते. बाहेर पाठवायचेच असेल तर जेवणाची सोय आधी पाहावी. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचा आणि कंदमुळांच्या वर्जनाचा नियम असलेली मुले खानावळीच्या वेळा जुळत नाहीत म्हणून उपाशी झोपतात, हे घरी पुष्कळ उशिरा कळते. नियम टिकवायचा की वर्षभर त्यास मुरड घालायची, हे निघण्यापूर्वीच वडीलधाऱ्यांनी मुलाशी मोकळेपणाने बोलून ठरवावे.

गुणपत्रिकेवरून माणूस ओळखण्याची घाई झाली, की साताऱ्यात एक नाव आपोआप आठवते. कुंभोजच्या जैन घराण्यात 1887 मध्ये जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले, तेथून त्यांना बाहेर पडावे लागले आणि त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण पुरे झाले नाही. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या, पुढे किर्लोस्करांचे नांगर विकले. 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू करणारे कर्मवीर ते हेच.

जागांचा विचार करताना जिल्ह्याजवळचे पर्याय नीट समजून घ्यावेत. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 चे. साताऱ्याचे शासकीय महाविद्यालय 2021-22 च्या प्रवेशापासून 100 जागांनी सुरू झाले. येथील 85 टक्के जागा राज्याच्या सीईटी कक्षामार्फत आणि 15 टक्के अखिल भारतीय कोट्यातून भरतात. कराडचे कृष्णा आणि सांगलीचे भारती विद्यापीठ यांची महाविद्यालये अभिमत विद्यापीठांची असल्याने त्यांची नोंदणी केंद्रीय समुपदेशन समितीकडे करावी लागते. केवळ राज्याच्या कक्षाकडे अर्ज करून सांगलीच्या महाविद्यालयाची वाट पाहत बसलेली कुटुंबे आजही आढळतात. अभिमत विद्यापीठांचे शुल्क दरसाल दोन आकडी लाखांत जाते. त्यासाठी दुकान गहाण टाकण्याआधी पाच वर्षांचा पूर्ण जमाखर्च, धाकट्या भावंडांच्या शिक्षणासह, कागदावर मांडावा. नीटचा क्रमांक न विचारता जागा 'करून देतो' म्हणणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवावे. प्रवेशाचा असा कोणताही कायदेशीर मार्ग नाही. उलट, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राची चौकशी अवश्य करावी; त्या मर्यादेतील पात्र मुलींना राज्याच्या प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक शिक्षणात 2024-25 पासून शिक्षणशुल्काची पूर्ण सवलत आहे.

परदेशाचा पर्याय स्वस्त वाटतो, पण तेथेही नीटची पात्रता लागतेच. शिवाय परतल्यावरची परीक्षा अलीकडच्या बहुतेक सत्रांत तिसरा हिस्साही उत्तीर्ण होत नाही.

किती वर्षे द्यायची, हे आरंभीच ठरवून घ्यावे. पदवीनंतर मन लावून केलेले एक वर्ष रास्त. क्रमांक ठळकपणे सुधारत असेल तर दुसरेही. त्याच नीटच्या गुणांवर आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यकाचे प्रवेश होतात. ते कमीपणाचे मानण्याची रीत सुटली तर पुष्कळ घरांची झोप परत येईल. निर्णयाला तारीख हवी. दिवाळीला पेढीवर वहीपूजन होते, तोवर उन्हाळ्यापासूनच्या सराव परीक्षांची वही चांगली भरलेली असते. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ती वही आणि मुलगा, दोघांनाही समोर घेऊन वडिलांनी तासभर बसावे. दुकान त्या दिवशी थोडे उशिरा उघडले तरी चालेल.