मुले भट्टीवर, सरकार फायलीत

दसरा-दिवाळी उरकली की रायगड जिल्ह्यातील पेण, अलिबाग, रोहा या तालुक्यांतल्या कातकरवाड्या ओस पडू लागतात. भांडीकुंडी, कोंबड्या, तान्ही पोरे टेम्पोत चढतात आणि पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली उचल फेडायला अख्खे कुटुंब वीटभट्टीवर नाहीतर परमुलखातल्या कोळसाभट्टीवर जाते. जाण्याचा हंगाम ठरलेला, वाट ठरलेली, मुकादमही ठरलेला. ठाऊक नसते ते फक्त सरकारला! याला अज्ञान म्हणत नाहीत. हा शुद्ध कोडगेपणा आहे.

भट्टीवर जाऊन डोळ्यांनी पाहा. आई गारा तुडवते, बाप साच्यातून विटा पाडतो आणि आठ-नऊ वर्षांची पोर धाकट्याला कडेवर मारून ओल्या विटा एकेक करून उन्हाला उलटवत जाते. ही मुलगी कोणाची? अंगणवाडीचे दार सहाव्या वर्षी बंद झाले. शाळेच्या पटावर ती आहे, वर्गात नाही. कडेवरचा धाकटा अंगणवाडीच्या वयाचा, पण त्याचे नाव मागे गावात राहिले. आदिवासी विकासाच्या पेणच्या प्रकल्प कार्यालयाचे खाते वेगळे, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे वेगळे. थोरला भाऊ अठराचा झाला की बालकांच्या कायद्यातून सुटला. युवक कल्याण तर क्रीडा खात्याच्या पदरात! एका चुलीवर जेवणारी ही भावंडे सरकारने पाच दप्तरांत वाटून टाकली आणि एकाही दप्तराने त्यांना आपले म्हटले नाही.

कायदे नाहीत असे कोणी सांगू नये. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने मोडीत निघाली. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षणाचा हक्क 2009 च्या कायद्याने दिला. बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे बेकायदा कामावर सापडलेले मूल काळजी व संरक्षणाचे हक्कदार ठरते. त्यासाठी कोणाच्या तक्रारीची वाट पाहावी लागत नाही. 2021 च्या दुरुस्तीने तर जिल्हा बाल संरक्षण कक्षावरची देखरेख थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवली. अधिकार आहे, यंत्रणा आहे, पगार चालू आहेत; मग मूल भट्टीवर कसे?

मुलाचा विचार कुटुंबासकट करावा, ही काही परदेशातून आणायची विद्या नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच कोकणकिनाऱ्याच्या उत्तरेला, कोसबाडच्या टेकडीवर, पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका आवारात आणली. धाकट्याला सांभाळायला कोणी असेल तरच थोरली शिकेल, हे त्यांना कळले होते. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा उभ्या केल्या. जे मूठभर कार्यकर्त्यांना जमले, ते सरकारला जमत नाही?

डिसेंबर 2024 च्या मंत्रिमंडळात महिला व बालविकास खाते श्रीवर्धनच्या आदिती तटकरे यांच्याकडे गेले. रोजगार हमी आणि खारभूमी विकास महाडच्या भरत गोगावले यांच्याकडे. एकाच जिल्ह्यात एकाकडे मूल, दुसऱ्याकडे आईबापांचे काम! दोघांनी एका टेबलाशी बसावे, एवढेच हवे होते. गाजला मात्र पालकमंत्रिपदाचा वाद. जिल्ह्याच्या पालकत्वासाठी एवढी झुंज. वाडीवरच्या लेकराचे पालकत्व कोण घेणार?

आमची मागणी साफ आहे. दसऱ्याआधी प्रत्येक कातकरवाडीची एकच यादी करा: गरोदर बाईपासून पंचविशीच्या तरुणापर्यंत. रोजगार हमीचा कायदा देशात सर्वप्रथम 1977 साली महाराष्ट्राने केला. त्याच हमीखाली फुटलेल्या खारबांधांवर वेळेत काम आणि वेळेत मजुरी द्या, म्हणजे उचल घ्यावी लागणार नाही. तरीही जे जातील त्यांच्या मुलांना गावात हंगामी वसतिगृह आणि भट्टीवर पाळणाघर, पोषण व शाळा द्या. शाळा सुटलेल्या पोरापोरींना हातचे कौशल्य आणि पहिली नोकरी मिळेपर्यंत सोडू नका. या सगळ्याला एक आराखडा, एक निधी आणि जाब द्यायला एक अधिकारी नेमा.

याच जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षे संप करून खोतांची मस्ती उतरवली. त्या मातीत उचलीची गुलामी आम्ही मुकाट्याने पाहणार नाही. वाचकहो, भट्टीवर मूल दिसले तर 1098 वर कळवा आणि पुढे काय झाले याचा जाब विचारा. येत्या दसऱ्यापर्यंत ती यादी निघाली नाही, तर भट्टीवरच्या प्रत्येक लेकराचे गुन्हेगार जिल्हाधिकारी आणि ही खाती सांभाळणारे मंत्रीच आहेत, असे आम्ही नाव घेऊन म्हणू.