‘बट’ला कमी लेखू नका

इंग्रजीत नामाला अनेकवचन होतं, क्रियापदाला काळ असतो. ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’ कधीच रूप बदलत नाहीत. नवी नामं रोज येतात. उभयान्वयी अव्ययांची यादी फारशी वाढत नाही. प्रेपोझिशनचंही तसंच, पण ते नामाला धरून राहतं. उभयान्वयी अव्यय दोन अख्खी वाक्यं जोडतं आणि त्यांचं नातंही ठरवतं. म्हणून ही यादी नुसती पाठ करून परीक्षेनंतर विसरणं मला पटत नाही.

‘शी इज कॅथलिक, बट हर मराठी इज गुड.’ यातलं नाम, विशेषण, क्रियापद कुणालाच दुखवत नाही. टोचतो तो ‘बट’! तिथे ‘अँड’ घालून बघा. माहिती तीच राहते, पूर्वग्रह तेवढा गळून पडतो.