घर पाडण्यापूर्वीचा हिशेब

आमच्या बेळगावच्या जुन्या पेठांतून जांभ्याच्या भिंतींची, कौलारू छपरांची घरे दिसेनाशी होत आहेत व त्यांच्या जागी सिमेंट-काँक्रीटच्या इमारती उभ्या राहत आहेत. जागेस आलेला भाव आणि वाढलेली कुटुंबे ही त्यामागील कारणे आम्ही जाणतो. तथापि दिडकीचाही जमाखर्च ठेवणारा आमचा व्यापारी घराचा हिशेब तितक्याच काटेकोरपणे मांडतो काय, अशी आम्हांस शंका येते.

चुनखडी व माती सुमारे १४५० अंश उष्णतेवर भाजून सिमेंट तयार होते. भट्टीस जळण लागते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु भाजताना खुद्द चुनखडीतून जो कर्बवायू सुटतो, तो जळणाच्या वायूपेक्षाही अधिक असतो. जगात मनुष्याच्या उद्योगांतून निघणाऱ्या कर्बवायूपैकी सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा मानला जातो. चुनाही भट्टीतूनच येतो खरा. पण त्यास ९०० अंशांच्या आसपास उष्णता पुरते, आणि भिंतीत घट्ट होताना तो हवेतील पुष्कळसा कर्बवायू पुन्हा शोषून घेतो. जांभ्यास तर भाजणेच नाही. खाणीतून निघताना तो मऊ असतो, सहज तासता येतो व वाऱ्यावर कठीण होतो.

म्हणून जुने तेवढे सोने, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्यांतील बहुतेक मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडी भिंती व वरील मातीची जड छपरे यांखालीच गाडली गेली. भिंतीचे दोन्ही थर जखडणारे आरपार दगड बहुधा कोठेच नव्हते. दाराखिडक्यांवरून सर्व भिंतींभोवती फिरविलेला काँक्रीटचा पट्टा अशा वेळी घर सावरून धरतो. सिमेंटचे खरे स्थान तेथे आहे. सबंध घर त्याचेच ओतावे, असा त्याचा अर्थ नव्हे. शिवाय गच्ची गळू लागली की आतील लोखंड गंजून फुगते व काँक्रीटच फोडते. हा खर्च पहिल्या अंदाजपत्रकात कोणी दाखवीत नाही.

साहित्याइतकीच निगाही महत्त्वाची. जुन्या गोव्यातील बाँ जेजूसचे जांभ्याचे चर्च १५९४ ते १६०५ या काळात बांधले गेले. त्याचा बाहेरील चुन्याचा गिलावा १९५०च्या दशकात काढण्यात आला आणि साडेतीन शतके झाकलेला दगड पावसात झिजू लागला.

आमच्या सभासदांपैकी कित्येकांचा चरितार्थ सिमेंट-लोखंडावर चालतो; त्यांस हे लिहिणे रुचणार नाही. पण जी भिंत उभी आहे, तिचा दगड, चुना व मजुरी आमच्या आजोबांनीच चुकती केली आहे. पाडण्याचे ठरविण्यापूर्वी कौले उतरवून वासे तपासावेत, भिंतीच्या पायथ्याची ओल शोधावी. मागाहून कोणी सिमेंटचा गिलावा चढविला असेल, तर ओल आत कोंडणारा तो थर काढून चुन्याचा करावा. नव्या विटांच्या भिंती घालावयाच्या झाल्या, तर लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली, विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची रीत पाहावी. तीत सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात. आणि घर पाडणे अटळच असेल, तर जांभ्याचे चिरे व सागवानी तुळया मातीमोलाने न देता नव्या घरातच लावाव्यात.