घोटाळा ‘होत’ नसतो

‘बँकेत घोटाळा झाला.’ हे वाक्य व्याकरणाच्या तासाला फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना कर्ता ओळखावयास सांगावे. उत्तर येते, ‘घोटाळा’. उत्तर व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे आणि आमची तक्रार नेमकी तीच आहे. गुन्हाच जिथे वाक्याचा कर्ता होऊन बसतो, तिथे गुन्हेगाराला लपण्यासाठी वेगळी जागा शोधावी लागत नाही.

गुन्हेगारीशास्त्र हा मराठीच्या प्राध्यापकांचा प्रांत नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. शब्द मात्र आमच्या प्रांतातले आहेत, आणि गुन्ह्याविषयीच्या मराठी शब्दांत जी उघड विषमता आहे तिच्याकडे आम्हीच वर्षानुवर्षे काणाडोळा केला आहे. खिसा कापणारा ‘सराईत’ किंवा ‘अट्टल’ असतो, त्याच्या सोबत्यांची ‘टोळी’ असते. ठेवीदारांचे कोट्यवधी रुपये गिळणाऱ्यांच्या वाट्याला ‘अनियमितता’, ‘गैरव्यवहार’ आणि फार तर ‘घोटाळा’ येतो. ‘घोटाळा’ म्हणजे मुळात गोंधळ. नावांचा होतो, हिशोबातही होतो. हेतू नसलेल्या चुकीसाठीचा शब्द आपण पूर्ण विचारान्ती केलेल्या लुटीला बहाल केला.

याची दुसरी बाजूही पाहावी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून समूहच्या समूह गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली गेला. नावे मात्र चिकटून राहिली. लक्ष्मण गायकवाड यांच्या १९८७ च्या आत्मकथनाचे शीर्षकच ‘उचल्या’ आहे. आम्ही ते पुस्तक शिकवितो, हळहळतो, परीक्षेत त्यावर प्रश्न काढतो. मात्र ‘पांढरपेशा’ हा शब्द गुन्ह्याशेजारी आला की आम्ही अडखळतो, कारण तो पेशा आमचा आहे.

पांढरपेशा गुन्हेगारीची संकल्पना एडविन सदरलँड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९३९ साली फिलाडेल्फिया येथील अध्यक्षीय भाषणात मांडली. गुन्ह्याचे मूळ दारिद्र्यात शोधणाऱ्या विद्वानांना त्याने विचारले की, प्रतिष्ठित माणूस आपल्या व्यवसायाच्या ओघात जे गुन्हे करतो त्यांचे काय? पुढे सत्तर बड्या कंपन्यांविरुद्ध गेलेल्या निर्णयांची छाननी करून त्याने ग्रंथ सिद्ध केला. तो १९४९ साली निघाला, पण अब्रूनुकसानीच्या दाव्यांच्या धास्तीने कंपन्यांची नावे गाळून! नावांसह मूळ संहिता यायला १९८३ साल उजाडले. तोवर लेखक हयात नव्हता. कर्ता गाळण्याची ही रीत केवळ मराठीची नाही, ती त्या विषयाच्या पायाभूत ग्रंथालाही चुकली नाही.

आता आपल्याकडचे उदाहरण. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदारांना प्रारंभी केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. ‘बँक बुडाली’ असे सर्वत्र बोलले गेले, जणू ती होडीच होती. तपास यंत्रणांचे म्हणणे वेगळे होते. बँकेतील वरिष्ठांनी एका बांधकाम समूहाची थकीत कर्जे झाकण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखविली, असा त्यांचा आरोप होता. या वाक्यात कर्ता आहे, क्रियापद सकर्मक आहे आणि ‘आरोप’ हा शब्दही आहे. न्यायालयाचा निकाल येईपर्यंत दोषी ठरवू नये, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु तो सांभाळूनही पूर्ण वाक्य लिहिता येते. शिवाय हा संयम चाळीतल्या संशयिताला ‘सराईत’ म्हणताना कुठे जातो?

संगणकीय गुन्ह्यांत तर आपण बळी पडलेल्यालाच कर्ता करतो. ‘निवृत्त शिक्षिका आमिषाला बळी पडली.’ वाक्यात एकटी तीच, तेव्हा चूकही तिचीच. ‘डिजिटल अटक’ हा शब्द त्याहून घातक आहे. असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. अटक करते ती शासनसंस्था. पण भामट्यांचा शब्द मथळ्यात जसाच्या तसा छापून आपण त्यांच्या अंगावर खाकी गणवेश चढवितो.

आणि त्या दूरध्वनीच्या पलीकडे कोण असतो? कधी कधी तोही विकलेला माणूस असतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान एक लाख वीस हजार आणि कंबोडियात सुमारे एक लाख माणसे अशा फसवणुकीच्या कामाला सक्तीने जुंपलेली असू शकतात. चांगल्या नोकरीची जाहिरात, विमानाचे तिकीट, मग पारपत्र जप्त. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने अशा तळांवरून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडमार्गे परत आणले. अभ्यासक्रमात पांढरपेशा गुन्हेगारी, सायबर गुन्हे आणि माणसांचा व्यापार ही तीन स्वतंत्र प्रकरणे असतात. इथे ती एकाच धंद्याची तीन दालने आहेत. मालक, भाड्याने घेतलेली बँक खाती, आणि बोलायला बसविलेला गुलाम.

या तिसऱ्या दालनाला आपल्या पोलिसी मराठीत नाव काय? ‘अनैतिक मानवी वाहतूक’! इंग्रजी शब्दाचा रस्त्यावरचा अर्थ उचलून माणसाच्या विक्रीला वाहतूक म्हटले गेले. वाहतुकीत माणूस एका गावाहून दुसऱ्या गावी जातो. शोषण त्या शब्दात मावतच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो मसुद्यात आणि आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये कसोटी आहे ती शोषणाच्या हेतूची. तिथे बळीची संमतीही गैरलागू ठरते. ‘तो स्वखुशीने गेला होता’ या वाक्याला कायद्यात उत्तर आहे, भाषेत अजून नाही.

आमचे विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात, तेव्हा ‘परदेशात डेटा एंट्री’ची जाहिरात त्यांच्याच हाती पडते, चार पैशांसाठी बँक खाते भाड्याने मागणाराही त्यांनाच गाठतो. त्यांना कर्मणी प्रयोगाची व्याख्या आम्ही शिकविली. ‘पैसे वळविले गेले’ या वाक्यापाशी थांबून ‘कोणी वळविले?’ असे विचारण्याची सवय मात्र लावली नाही. ती पुढच्या तासापासून लावावी. वृत्तपत्रातील एक बातमी घ्यावी, तिच्यातला गाळलेला कर्ता शोधावा आणि वाक्य पुन्हा लिहावे. अभ्यासमंडळाच्या परवानगीची त्यासाठी गरज नाही.