नायकांना वय येतं तेव्हा

भिंतीवरच्या पोस्टरवर एक्स-मेनचे चेहरे. कुणावर ‘ठार’, कुणावर ‘पकडला’ अशी पट्टी. त्यापुढे कानशिलावरचे केस पिकलेला वुल्व्हरिन, प्रकाशझोतात सापडलेला. जानेवारी १९८१च्या ‘अनकॅनी एक्स-मेन’चं, म्हणजे १४१व्या अंकाचं, हे मुखपृष्ठ. क्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांनी त्यात २०१३ सालची अमेरिका रंगवली, सेंटिनेल यंत्रमानवांच्या टाचेखाली भरडलेली.

दर महिन्याच्या कॉमिक्समध्ये नायक म्हातारा होत नाही, मेला तरी परत येतो. पर्यायी भविष्यात मात्र त्याला किंमत मोजावी लागते.

१९८६मध्ये फ्रँक मिलरने ‘द डार्क नाइट रिटर्न्स’मध्ये पंचावन्न वर्षांचा बॅटमॅन आणला. दहा वर्षं निवृत्तीत काढलेला, सांधे कुरकुरणारा, पण हट्टी. त्याच्या जोडीला रॉबिन म्हणून आली तेरा वर्षांची कॅरी केली. ही जोडी आजही ताजी वाटते! १९९२च्या ‘स्पायडर-मॅन २०९९’मधला मिगेल ओ’हारा लढतो तो बलाढ्य कंपनीशी. ‘किंगडम कम’ (१९९६) तर ॲलेक्स रॉसच्या रंगचित्रांसाठीच पाहावं.

नव्या वाचकांनी सुरुवात मिलरपासून करावी. चारच भाग आहेत.