हौद्याची उंची आणि हमालाची पाठ

मालवाहतुकीच्या खर्चाचा विषय निघाला की डिझेलचे भाव, टोल, टायर आणि रस्त्यांची दुरवस्था यांची चर्चा होते. जमिनीपासून ट्रकच्या हौद्यापर्यंतच्या सुमारे चार फुटांच्या अंतराची चर्चा मात्र कोणी करीत नाही. वस्तुतः शेकडो किलोमीटरचे अंतर यंत्र तोडते. हे चार फूट बहुतेक ठिकाणी आजही माणूसच पार करतो.

शाळेत शिकलेले उतरणीचे तत्त्व येथे आठवावे. तेलाने भरलेले २०० लिटरचे पिंप सुमारे २०० किलो भरते. ते दहा फुटांच्या फळीवरून चार फूट चढवायचे तर घर्षण सोडूनही ८० किलोचा जोर लावावा लागतो. फळी वीस फुटांची केली तर ४० किलोचा जोर पुरतो. चढ चोवीस अंशांवरून बारा अंशांच्या आत येतो आणि हात निसटल्यास पिंप अंगावर येण्याचा धोकाही कमी होतो. परंतु वीस फुटांची फळी प्रत्येक गाडीबरोबर वागवणार कोण, आणि पेठेतील अरुंद गल्लीत ती टाकणार कोठे?

याचे उत्तर कलत्या हौद्याच्या ट्रेलरने दिलेले आहे. त्याचा हौदा आसाजवळ बिजागरीवर बसवलेला असतो. खटका काढला की मागची कड जमिनीला टेकते आणि हौदाच लांब फळीचे काम करतो. माल आसाच्या पुढे सरकला की त्याच्याच भाराने हौदा पुन्हा आडवा होतो. जड गाड्यांत हेच काम हायड्रॉलिक जॅक करतो. ही कल्पना आपल्याला परकी नाही. दोन चाकी बैलगाडीचे बैल सोडून धूर वर उचलली की साटी मागे टेकते. मागे भार जास्त झालेली गाडी उलाळ आणि पुढे भार जास्त झालेली धुरजड, हे शब्द ज्या शेतकऱ्याच्या बोलीत आहेत, त्याला आसाभोवतीचा तोल कोणी शिकवावा लागत नाही.

मग हे ट्रेलर आपल्याकडे सर्रास का दिसत नाहीत? दोष तंत्राचा नाही, हिशेबाचा आहे. माल ओतण्यासाठी कलणारे डंपर गावोगाव पोहोचले, कारण त्यात वाचणारा वेळ गाडीमालकाचा असतो. बंद पडलेली मोटार उचलून नेणाऱ्या गाडीचा फलाटही कलतो, कारण मोटारीला ओरखडा उमटला तर भरपाई द्यावी लागते. हमालाच्या मणक्याची झीज मात्र कोणाच्याच खतावणीत चढत नाही. गाडी विकत घेणारा एक आणि तिच्या उंचीची किंमत मोजणारा दुसरा, अशी फारकत झाली की बाजार आपण होऊन सुधारणा करीत नाही. अर्थशास्त्रात याला बाह्य परिव्यय म्हणतात. हमालाच्या घरी त्याला कंबरदुखी म्हणतात.

ही फारकत मोडता येते, हे महाराष्ट्राने दाखवून दिलेले आहे. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांनी हमालांना संघटित केले. १९६९ साली माथाडी कायदा झाला. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली होती. क्विंटलच्या पोत्याची जागा पुढे बहुतेक ठिकाणी ५० किलोच्या पोत्याने घेतली. पोते निम्म्यावर आले, परंतु हौदा होता तेथेच राहिला.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, यंत्र आले की हमाल जाईल. क्रेनच्या बाबतीत ही भीती खरी आहे. परंतु कलता हौदा माणसाला हटवीत नाही. तेच काम तो अधिक वर्षे करू शकेल, अशी सोय करतो. दुसरा आक्षेप खर्चाचा. बिजागरी आणि जॅक यांमुळे गाडी महाग होते, तिचे स्वतःचे वजन वाढते आणि तेवढा माल कमी बसतो. हे खरेच आहे. शिवाय प्रत्येक मालाला कलता हौदा चालत नाही. उसाच्या मोळ्या थरावर थर रचाव्या लागतात. तेथे डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढणाऱ्या बायांना खरा दिलासा मिळेल तो बुटक्या ट्रॉलीने किंवा भरणी यंत्राने. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती योग्यच होती. परंतु दर वाढल्याने फळीचा चढ कमी होत नाही.

म्हणून उपाय दरातच शोधला पाहिजे. हमाली आज वजनावर किंवा नगावर ठरते. ती उंचीवरही ठरावी. हौदा जितका उंच, तितका दर चढा, असा नियम माथाडी मंडळांनी आणि बाजार समित्यांनी केला, तर उंचीचा भार प्रथमच गाडीमालकाच्या हिशेबात पडेल. त्याला कलता हौदा परवडतो की बुटका, की बाजार समितीने गाडीच्या उंचीचा पक्का धक्का बांधावा अशी मागणी करणे परवडते, हे मग तोच ठरवील. सरकारी खात्यांनी स्वतःच्या वाहनखरेदीत ही अट घालून आरंभ करावा. पाठ झिजवणे फुकट आहे, तोवर हौदा खाली येणार नाही.