व्हायरस गेला, दुखणे राहिले

सभासद बंधूंनो, शेती खात्याच्या संगणकातला व्हायरस अकोल्याच्या कारागिराने काढून दिला. दुसऱ्या दिवशी इंटरनेट उघडेना, तर सारे त्या पोट्ट्यावरच घसरले. आम्हांस हे पटत नाही. हुमणी मेली म्हणून तिने खाल्लेली मुळी परत येते काय? व्हायरस प्रॉक्सीची सेटिंग आपल्या सोयीने फिरवून ठेवतो. तो गेला तरी ती तशीच राहते; पूर्ववत केली की बहुधा काम चालते. विंडोजच्या बिघडलेल्या फायलींसाठी ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही आज्ञा आहे. एवढ्यानेही भागले नाही तर सारे पुसून विंडोज नव्याने घालावे.

पण पुसायचे तर नक्कल हवी, आणि खरी मेख तेथेच आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्याने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले. न्हावाशेव्याच्या तिच्या धक्क्यावरचे कामही अडले. ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कोणी कोणत्या संगणकात शिरावे याची नोंद ठेवणारी तिची यंत्रे जगभर पुसली गेली. वाचले ते एक, घानातले. कारण तेथे नेमकी वीज गेली होती! भारनियमनाला शिव्या घालणारे आम्ही वऱ्हाडी यावर काय बोलणार?

आपल्या काट्याच्या वजनांची नक्कल मात्र त्याच संगणकात पडून असते. ती रोज वेगळ्या डिस्कवर घेऊन, तार काढून, कपाटात ठेवावी, असा ठराव संचालक मंडळाने करावा. तोवर भाऊ, वजनाची पावती फेकू नका. बिल अडले तर तीच दाखवावी लागेल.